गळा तुम्ही कापलाय, नाव तेवढं नवं आहे

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, मी सांगली जिल्ह्यात राहते. वीस वर्षं घरी ब्लाउज शिवले. डोळे आणि पाठ दोन्ही कुरकुरायला लागले तशी मशीन बाजूला ठेवली. मुलीने घरबसल्या अनुवादाचं काम मिळवून दिलं, इंग्रजीतून मराठी. त्याला आता वर्ष होईल. गेल्या महिन्यात कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये ‘स्कॅलप्ड नेकलाइन’ असं आलं. शब्दकोशात स्कॅलप म्हणजे शिंपला. मी ‘शिंपल्यांचा गळा असलेली कुर्ती’ असं लिहिलं. त्याच आठवड्यात पाककृतींच्या पुस्तिकेत ‘स्कॅलप्ड पोटॅटोज’ आले, तिथे ‘शिंपले घातलेले बटाटे’. पुस्तिका शुद्ध शाकाहारी होती. तपासणाऱ्यांनी माझी दोन्ही वाक्यं ग्रुपवर टाकली, सगळे हसले. आता स्पेनच्या सहलीचं माहितीपत्रक आलंय, त्यात ‘फॉलो द स्कॅलप’ असं वाक्य आहे. गुरुवारी द्यायचंय आणि हात चालत नाहीये. हा शब्द नक्की आहे तरी काय? आणि हे काम मी सोडून द्यावं का?
– एक वाचक

ताई, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असेपर्यंत पहिल्यात लक्ष लागणार नाही. काम सोडू नका. चूक झाली हे खरं आहे, पण ती पहिल्या वर्षातली चूक आहे आणि ती धरायलाच तपासणारा नेमलेला असतो. त्याने ती तुम्हाला एकटीला सांगायला हवी होती. दहा जणांपुढे टाकली ही त्याची चूक, आणि माझ्या मते ती तुमच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच जागी थांबले: वीस वर्षं ब्लाउज शिवले. ताई, मग हा गळा तुम्ही कापलाय. एकदा नाही, शंभरदा कापला असेल. गळ्याच्या कडेवर बांगडी किंवा छोटी वाटी ठेवायची, खडूने अर्धगोल काढायचा, वाटी सरकवायची, पुन्हा अर्धगोल. उलट बाजूने पट्टी ठेवून त्या गोलांवरून टीप मारायची. मग कात्री. गोलाला बारीक बारीक चिरा द्यायच्या आणि दोन गोल जिथे भेटतात त्या खाचेत चीर थेट टिपेपर्यंत न्यायची, एक धागा राखून. ती चीर अर्ध्यावर सोडली तर उलटवल्यावर तिथे चुणी पडते आणि एक धागा पुढे गेली तर कापड उसवतं. हे मी तुम्हाला काय सांगणार! तुमच्या अंगठ्याला ते माहीत आहे. त्या गळ्याला इंग्रजीत म्हणतात स्कॅलप्ड नेकलाइन.

पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच झालं. स्कॅलप हा मुळात एका जलचराचा शब्द, पण इंग्रजीत त्याचा वापर त्या प्राण्याच्या कवचाच्या कडेसारख्या आकारासाठीही होतो. ओळीने बसलेले छोटे अर्धगोल आणि प्रत्येक दोन गोलांमध्ये एक खाच, असा आकार कुठेही दिसला की इंग्रजी माणूस स्कॅलप्ड म्हणतो. कुर्तीचा गळा असो, बशीची कड असो, नाहीतर पडद्याची झालर.

घरात कुठल्यातरी डब्यात जुनी नाणी असतील. त्यातलं दहा पैशांचं, ॲल्युमिनियमचं, वजनाला पिसासारखं, ते शोधा. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवा. गोल, खाच, गोल, खाच. नाणी जमवणाऱ्यांच्या इंग्रजीत त्या आकाराचं नावच स्कॅलप्ड आहे. १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा दोन नव्या पैशांना आणि दहा नव्या पैशांना हीच कड होती, आणि त्याआधीच्या एक आण्यालाही. अंधारात, पिशवीत हात घालूनसुद्धा नाणं ओळखू यायचं ते या कडेमुळे. चलनातून दहा पैशांची ही नाणी २०११ साली अधिकृतपणे गेली, पण तुमच्या-माझ्या बोटांना तो आकार अजून ओळखता येतो.

आता त्या प्राण्याकडे येऊ, कारण तो माहीत असेल तर बाकीचं सोपं जातं. शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, एस्कालोप म्हणजे कवच. हॉटेलच्या मेन्यूवर मांसाच्या पातळ कापाला एस्कलोप म्हणतात तो याच घराण्यातला. इंग्रज लोक स्कॅलपही म्हणतात आणि स्कॉलपही, दोन्ही चालतं. प्राणी दोन शिंपांचा. प्रत्येक शिंप उघड्या जपानी पंख्यासारखी: बिजागरीपाशी निमुळती, दोन्ही बाजूंना दोन छोटे चौकोनी कान, आणि तिथून कडेपर्यंत पसरत गेलेल्या उभ्या पन्हळी. पन्हळी कडेला येऊन संपतात म्हणून कड गोल-खाच-गोल अशी होते. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव पेक्टेन ठेवलं, लॅटिनमध्ये पेक्टेन म्हणजे कंगवा.

हा प्राणी पोहतो, हे मला फार आवडतं. आपल्या तिसऱ्या रेतीत पुरून बसतात, कालवं खडकाला चिकटतात. स्कॅलप मात्र दोन्ही शिंपा टाळी वाजवल्यासारख्या मिटतो, आतलं पाणी जोरात बाहेर पडतं आणि तो उसळी घेत पुढे जातो. त्या टाळीसाठी त्याच्या मध्यभागी एक जाड, पांढरा, गोल स्नायू असतो. युरोप-अमेरिकेत खातात तो मुख्यतः तोच. कडेला ओळीने बारीक डोळे, काही जातींत दोनशेपर्यंत, आणि प्रत्येक डोळ्यात मागच्या बाजूला स्फटिकांचा अंतर्गोल आरसा. मोठ्या दुर्बिणीत आरसा जसा प्रकाश एकत्र आणतो तसाच.

म्हणजे प्राण्यासाठीसुद्धा नुसतं ‘शिंपला’ लिहून भागत नाही. शिंपला हा आपल्याकडे सगळ्यांचा मिळून एक शब्द आहे. मालवणातली किंवा गोव्यातली बाई ‘शिंपले आणले’ म्हणून थांबत नाही. तिसऱ्या की खुबे, कालवं की शिनाणे, हे सांगते. स्कॅलप मात्र आपल्या बाजारात टोपलीत बसून येत नाही, तो बहुधा मोठ्या हॉटेलात गोठवून आणलेला भेटतो. म्हणून त्याला घरचं नाव नाही. खाण्याच्या संदर्भात सरळ ‘स्कॅलप’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यातला गर’ एवढं जोडा. तिसऱ्या लिहू नका. वाचक बाजारातून तिसऱ्या आणेल, त्या स्कॅलपच्या कृतीने गरम तव्यावर दोन-दोन मिनिटं परतेल आणि फजिती त्याची होईल.

आकारासाठी मात्र मराठीत शब्दांची ददात नाही, आणि इथेच मला तुमचा खरा उपयोग दिसतो. इंग्रजी एका शब्दावर भागवतं, आपल्याकडे जागेप्रमाणे शब्द बदलतो. ताटली, नाणं, दागिना यांची कड कंगोरेदार. फुलासारखे गोल बाहेर आलेले असतील तर पाकळ्या. रांगोळीत ताटाभोवती काढतो ती महिरप, आणि पेशवाईतल्या वाड्यांत सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांवर बसवलेली लाकडी महिरपी कमानही त्याच आकाराची. इंग्रजी पुस्तकात त्या कमानीचं वर्णन ‘स्कॅलप्ड आर्च’ असं आलं तर ‘शिंपल्याची कमान’ लिहायचं काही कारण नाही, आपण तिला पिढ्यान्‌पिढ्या महिरप म्हणत आलोय. गणिताच्या पुस्तकातला महिरपी कंससुद्धा तिथूनच आला.

पण जरा थांबा, यात एक बारकावा आहे आणि तो शिवणाऱ्या माणसालाच पटकन कळेल. कुर्तीच्या घेराला कापडाचे गोल बाहेर येतात आणि खाचा आत जातात. महिरपीत उलटं. तिथे गोल कोरून काढलेले असतात आणि लाकडाची टोकं मोकळ्या जागेत येतात. गळ्याला दोन्ही प्रकार होतात. कापडाचे गोल गळ्याच्या दिशेने आले तर मी ‘पाकळ्यांच्या कडेचा गळा’ लिहीन, टोकं आली तर ‘महिरपी गळा’. कॅटलॉगमध्ये फोटो असतोच. फोटो न बघता असं वाक्य करू नका, आणि फोटो दिला नसेल तर मागून घ्या, मागण्यात कमीपणा नाही. मटका गळा, पान गळा, चौकोनी गळा ही नावं तुम्ही गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलीत. ज्या बाईला ती कुर्ती घ्यायची आहे तिला त्याच तऱ्हेने सांगायचं. तुमच्या ओळखीत अजून कुणी मशीनवर बसत असेल तर तिला फोटो पाठवून विचारा, ‘तू याला काय म्हणतेस?’ ती ‘स्कॅलप’च म्हणाली तर स्कॅलप लिहा. बाजारात रुळलेला शब्द आपण हटवायचा नाही.

‘दातेरी’ लिहायचा मोह टाळा. दाते टोकदार असतात, करवतीला असतात. करंजी कातण्याने कापली की कड दातेरी होते. तीच करंजी हाताने मुरड घालून बंद केली की एकाशेजारी एक गोल वळसे पडतात. स्कॅलप त्या मुरडीच्या जवळ जातो, कातण्याच्या नाही. ‘नागमोडी’ही जरा वेगळं. नागमोडी रेघेत वरचं आणि खालचं वळण सारखंच मऊ असतं, इथे खाचेत टोक हवं.

बटाट्यांचं कोडं मात्र आकाराने सुटत नाही, म्हणून त्या चुकीबद्दल मनाला लावून घेऊ नका. पूर्वी कालवं, मासे असे पदार्थ सॉस आणि पावाचा चुरा घालून खऱ्या शिंपल्यात किंवा शिंपल्याच्या आकाराच्या भांड्यात भाजून वाढत. पुढे भांडं गेलं, शिंपला गेला, आणि सॉस घालून भाजणं एवढ्यालाच स्कॅलप करणं म्हणायला लागले. स्कॅलप्ड पोटॅटोज म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या थरावर थर लावून, दूध किंवा साय घालून ओव्हनमध्ये शिजवलेल्या. शिंपल्याचा त्यात अंशही नाही. लिहा: ‘दुधा-सायीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या’. आणि कधी ऑस्ट्रेलियाचा मजकूर आला तर पुन्हा सावध, सिडनीकडच्या दुकानात ‘पोटॅटो स्कॅलप’ मागितला की पिठात बुडवून तळलेली बटाट्याची चकती मिळते. आपली बटाट्याची भजीच, फक्त जाड. त्याच देशात मेलबर्नकडे तिलाच पोटॅटो केक म्हणतात.

माझी स्वतःची याच शब्दाची गोष्ट सांगते. मी नवीन होते तेव्हा यंत्रकामाची एक पुस्तिका अनुवादाला आली, तीत ‘स्कॅलप हाइट’ असा शब्द. मी ‘शिंपल्याची उंची’ लिहून बसले होते. मनाला पटेना म्हणून भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या काकांनी धातू कोरणाऱ्या मिलिंग मशीनवरून नुकताच उतरवलेला डाय, म्हणजे धातूचा साचा, टेबलावर ठेवला, माझा हात धरला आणि माझं नख त्या चकचकीत पृष्ठभागावरून आडवं ओढलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण नखाला बारीक खर्र लागलं. ‘हे तुमचं स्कॅलप,’ ते म्हणाले. गोल टोकाचं कटर शेजारी शेजारी फिरतं, प्रत्येक फेरीत एक उथळ पन्हळ पडते आणि दोन पन्हळींच्या मध्ये धातूचा बारीक कंगोरा उरतो. त्याची उंची म्हणजे स्कॅलप हाइट. दहा मिलिमीटर व्यासाचं कटर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने फिरवलं तर ती साधारण सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश, येते. अंतर दुप्पट केलं की उंची चौपट, पंचवीस मायक्रॉन. तो अनुवाद मी ‘दोन फेऱ्यांमध्ये उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची’ असा दिला. तेव्हापासून अडलेला शब्द घेऊन मी आधी तो वापरणाऱ्या माणसाकडे जाते, शब्दकोश नंतर उघडते.

तुमच्याकडे औषधांचे, तपासण्यांचे कागदही येत असतील, म्हणून हे सांगून ठेवते. ‘स्कॅलप्ड टंग’ म्हणजे जिभेच्या कडेवर उमटलेले दातांचे ठसे. तिथे ना कंगोरा ना महिरप, ‘जिभेच्या कडेवर दातांचे ठसे दिसणे’ एवढंच लिहा, पेशंटने आरशात बघितलं की कळलं पाहिजे. गुहांबद्दल वाचताना चुनखडीच्या भिंतीवरचे स्कॅलप भेटतील, ते वाहत्या पाण्याने विरघळवून पाडलेले उथळ खळगे. पाणी जितकं वेगाचं तितके ते लहान. आणि गिटारचा ‘स्कॅलप्ड फ्रेटबोर्ड’ आला तर तारांखाली आडव्या बसवलेल्या पट्ट्यांच्या, म्हणजे पडद्यांच्या, मधलं लाकूड खोलगट कोरलेलं आहे असं समजा. बोट लाकडाला टेकत नाही, तार दाबून आणि ओढून सूर वळवता येतो. गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांनी तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासोबतच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदात अशी गिटार वाजवली. मींड घ्यायची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचं, तर तारेखाली मोकळी जागा लागते, वीणेवर हात ठेवलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. या तिन्ही ठिकाणी कडेचा गोल बाहेर येत नाही, पोकळी आत जाते, हेही बघून ठेवा.

पेट्रोल कंपनीच्या पिवळ्या-लाल चिन्हावरचा शिंपला हाच. शेल कंपनीने सुरुवातीला वेगळा शिंपला घेतला होता, १९०४ पासून स्कॅलप. मुंबईतल्या जुन्या लोकांना ‘बर्मा शेल’च्या पाट्या आठवतील. १९७६ साली सरकारने ती कंपनी घेतली आणि त्यातून भारत पेट्रोलियम उभी राहिली.

आता गुरुवारचं काम. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया प्रांतात सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे शहर आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी याकोब तिथे पुरले आहेत अशी श्रद्धा आहे आणि मध्ययुगापासून युरोपभरातून लोक तिथे चालत जातात. त्या वाटेला कामिनो म्हणतात. पोहोचलेला यात्रेकरू गॅलिसियाच्या किनाऱ्यावरचा स्कॅलपचा शिंपला खुणेला घरी नेत असे. पुढे तो त्या यात्रेचंच चिन्ह झाला, आजही चालणारे तो पाठपिशवीला बांधतात. फ्रेंचमध्ये या प्राण्याचं नावच संत याकोबाचा शिंपला असं आहे. निळ्या पाटीवर पिवळा शिंपला, अशी वाटेवरची खूण असते. म्हणजे तुमच्या माहितीपत्रकात, इतक्या सगळ्या वळणांनंतर, खराखुरा शिंपलाच आहे! तिथे तो शब्द निर्धास्त लिहा. महिरप, कंगोरा काही नको. वारकऱ्यांच्या तुळशीमाळेची उपमाही घालू नका. मोह होईल, मलाही झाला असता, पण तो प्रवासी स्पेनमध्ये उभा राहून शिंपला शोधणार आहे.

मी असं लिहीन: ‘वाटेत निळ्या पाट्यांवर पिवळा पंखाकृती शिंपला दिसेल. त्या खुणेने चालत राहा.’

हे पाठवण्याआधी कंपनीला एक प्रश्न विचारा, सहल कुठल्या प्रांतातून जाते? कारण गॅलिसियाशेजारच्या अस्तुरियास प्रांतात शिंपल्याची निमुळती बाजू रस्त्याची दिशा दाखवते, आणि गॅलिसियात पसरट बाजू, म्हणजे बरोबर उलटं. प्रांताची हद्द ओलांडली की तोच शिंपला दुसरीकडे बोट दाखवायला लागतो. मूळ मजकुरात ‘शिंपल्याचं टोक दाखवेल तिकडे वळा’ अशा अर्थाचं काही असेल तर मराठी वाचक भलतीकडे जाऊ शकतो. सोबत पिवळे बाण असतात, त्यांचा उल्लेख मजकुरात असेल तर तो गाळू नका, दिशेसाठी भरवशाचे तेच. प्रश्न विचारताना मेलमध्ये त्याच तपासणाऱ्यांनाही घ्या. आणि त्याच मेलच्या खाली कुर्तीचं आणि बटाट्यांचं दुरुस्त वाक्य जोडा. माफीचा परिच्छेद नको, ‘आधीच्या दोन नोंदींसाठी सुधारित मजकूर’ एवढी एक ओळ पुरे.

कुर्तीचा फोटो मला पाठवलात तर गोल आत आहेत की बाहेर, ते आपण दोघी मिळून बघू.